चाकाभोवती जागा ठेवा

हाताने सायकलची फ्रेम बनवून देणारा कारागीर ऑर्डर घेताना एक कागद भरून घेतो. उंची, पायाची आतली लांबी, हाताची लांबी, खांद्याची रुंदी, नळ्या कुठल्या, रंग कुठला. त्यातच दोन प्रश्न असे असतात की लोक फार विचार न करता खूण करून मोकळे होतात. जास्तीत जास्त किती रुंद टायर बसायला हवा? आणि मडगार्ड लावायची सोय हवी की नको? आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपमधल्या एका तरुणाचा असाच भरलेला कागद परवा माझ्यापुढे आला. टायरपुढे लिहिलं होतं २५ मिलिमीटर, मडगार्डपुढे ‘नको’. “काका, पाठवायच्या आधी एकदा नजर टाका,” म्हणाला. मी त्याला दोन्ही उत्तरं खोडायला लावली. आता आपल्याकडेही पगारातून पैसे बाजूला टाकून मापाची रोड बाईक बनवून घेणारे लोक दिसायला लागलेत, म्हणून ते का खोडायला लावलं हे चारचौघांत मांडावंसं वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला खरोखर फक्त शर्यतीतच उतरायचं आहे तो सोडून प्रत्येकाने आपल्या मापाच्या रोड बाईकमध्ये मडगार्डला आणि रुंद टायरला जागा ठेवलीच पाहिजे. आज मडगार्ड लावायचं नसलं तरी ठेवली पाहिजे.

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप होतं. गॅसवर ब्रेझिंग करणं, आटे पाडणं, झिजलेले शाफ्ट भरून काढणं यात उमेदीची वर्षं गेली. सायकलचा नाद पहिल्यापासूनचा, त्यामुळे ग्रुपमधल्या कुणाचंही काही मोडलं की ते माझ्याकडे यायचं. एकदा एकाने हौसेने बनवून घेतलेली स्टीलची फ्रेम आणली. सुंदर काम होतं. जोडावरचं पितळ नखाने चाचपलं तरी कुठे लागत नव्हतं. पण मालकाने ऑर्डर देताना मडगार्ड नको म्हटलं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला ते हवं झालं. मागचं चाक जिथे अडकतं त्या जाड पट्टीवर मी आट्यांची दोन छोटी बुशं बसवून दिली. त्यासाठी तळहाताएवढा रंग जाळावा लागला, तो पुन्हा मारूनही मूळच्या छटेला मिळाला नाही. तरी हे जमण्यातलं काम होतं. खरी अडचण पुढे होती. पायडलच्या धुरीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या, ज्यांना चेनस्टे म्हणतात, त्यांच्यामधून २५ चा टायरच जेमतेम जात होता. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर फट. तिथून मडगार्ड जाणार कुठून? आजकालच्या चांगल्या स्टीलच्या नळ्यांची भिंत मधल्या भागात अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. ती तापवून, दाबून जागा करणं म्हणजे फ्रेमचा जीव घेणं. शेवटी मडगार्डच तिथे कापून दोन तुकड्यांत बसवलं. मधल्या उघड्या जागेतून सगळा चिखल नेमका चेनच्या पुढच्या चक्रीवर उडतो. आजही तो तसाच चालवतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सायकलमधली बाकी प्रत्येक गोष्ट नंतर बदलता येते. हँडल, सीट, गिअर, चाकं, सगळं दहा-पंधरा वर्षांत बदललं जातंच. चाकाभोवतीची जागा तेवढी बदलत नाही. शाळेचा गणवेश शिवताना शिंपी शिवणीत माया सोडतो, कारण पोराची वाढ त्याने गृहीत धरलेली असते. तीस वर्षं वापरायच्या फ्रेमच्या बाबतीतही एवढा पुढचा विचार व्हायला हवा. पस्तिशीत ऑर्डर देणारा माणूस पासष्टीत तीच सायकल चालवणार आहे.

आता आपले रस्ते. कोल्हापूरहून सायकलवाले जातात ते पन्हाळ्याला, राधानगरीला, गगनबावड्याला. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्याला पडतो आणि सायकल चालवायला सर्वांत देखणा रस्ताही तोच, तेही ऐन पावसात. पण मला पावसाळ्याइतकीच थंडीची गोष्ट सांगायची आहे. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट डांबरी रस्त्यावर येतात. चाकांच्या खाचांतली काळी माती रस्त्यावर पडत जाते, त्यावर उसाचा पाचोळा, पाटाचं वाहून आलेलं पाणी, पहाटेचं दव. डिसेंबरमध्ये आभाळात ढग नसताना करवीर तालुक्यातला रस्ता मैल-मैल ओला सापडतो. बाहेरच्या पुस्तकात वाचून ‘मी कोरड्यातच चालवतो’ म्हणणाऱ्याने एकदा नोव्हेंबरात सकाळी साडेसहाला शिरोलीच्या किंवा कुडित्र्याच्या बाजूला चक्कर मारून बघावी.

या चिखलाचं काय होतं ते वर्कशॉपवाल्याला विचारा. मडगार्ड नसलेल्या सायकलचं पुढचं चाक पाणी आणि बारीक वाळू उचलतं आणि थेट पायांवर, खालच्या नळीवर आणि चेनवर मारतं. मागचं चाक तेच सीटच्या नळीवर आणि ब्रेकवर मारतं. चेनच्या पिनांवरच्या तेलात ती वाळू मिसळली की तेल वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतं. मी अशा सायकलींच्या पायडलच्या धुरीचं बेअरिंग उघडलेलं आहे. कडेच्या सीलच्या आतून ग्रीसऐवजी लाल-करडा लगदा निघतो, बोटांत चोळला तर करकरतो. गोळ्यांवर डोळ्यांना दिसतील असे खड्डे पडलेले असतात. पुढचं मडगार्ड आणि त्याच्या टोकाला जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत आलेलं रबरी फडकं, एवढ्याने यातला मोठा भाग वाचतो. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलींना ते फडकं होतंच. हर्क्युलिस असो, ॲटलस असो, ॲव्हॉन असो, चाळीस मिलिमीटरचा टायर, पूर्ण मडगार्ड आणि चेनला डबा ही त्या सायकलीची रचना होती. ज्या रस्त्यांवर, ज्या कपड्यांत माणूस ती चालवणार होता त्याचा विचार करून ती बनली होती.

आणि मागच्या माणसाचं काय? ग्रुपमध्ये आपण एकमेकांच्या मागे चालवतो, कारण पुढचा वारा तोडतो. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या सायकलला मडगार्ड नसेल तर त्याच्या मागच्या चाकाचा फवारा अखंड मागच्याच्या तोंडावर येतो. त्यात नुसतं पाणी नसतं. शेण असतं, डिझेल असतं, गटाराचं पाणी असतं. ते डोळ्यांत जातं, पाण्याच्या बाटलीच्या तोटीवर बसतं आणि पुढच्या घोटाबरोबर पोटात जातं. ब्रिटनमधल्या कित्येक क्लबांमध्ये हिवाळ्यातल्या सामूहिक फेरीला मडगार्डशिवाय येऊ नये असा दंडक आहे तो याचसाठी. आपल्या ग्रुपांनीही जून ते सप्टेंबर तो पाळावा असं माझं मत आहे. पण ज्याच्या फ्रेममध्ये जागाच नाही त्याला सांगून उपयोग काय! सीटच्या नळीला चिमटीत पकडून लावायची प्लास्टिकची पट्टी फार तर आपली पाठ वाचवते. मागच्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

टायरच्या बाबतीत तर अजून जुना समज घट्ट बसलेला आहे, की बारीक टायर म्हणजे वेग. वीस वर्षांपूर्वी टूर द फ्रान्समध्ये २३ मिलिमीटरचे टायर सर्रास होते हे खरं. आज तिथलेच स्वार २८ ते ३० वापरतात, आणि दगडी फरशांवरून जाणाऱ्या पॅरिस–रूबे शर्यतीत त्याहूनही रुंद. ज्यांची रोजीरोटी सेकंदावर चालते त्यांनी आरामासाठी हा बदल केलेला नाही. कारण समजायला सोपं आहे. हवेचा दाब सारखा ठेवला तर टायरचा रस्त्यावर उमटणारा ठसा क्षेत्रफळाने सारखाच असतो, पण बारीक टायरचा ठसा लांबट असतो आणि रुंद टायरचा आखूड व पसरट. लांबट ठशात टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात आणि त्या वाकण्यात शक्ती उष्णता होऊन जाते. शिवाय रुंद टायरमध्ये दाब निम्म्यावर आणता येतो. माझ्या वजनाच्या माणसाला २३ मध्ये १०० ते ११० पीएसआय भरावे लागतात, ३५ मध्ये पन्नासच्या आसपास पुरतात. खडबडीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खडीवर उसळतो आणि ती उसळी हातापायांचे, कमरेचे स्नायू गिळतात. तीही आपलीच पायडल मारून निर्माण केलेली शक्ती असते. संध्याकाळी मनगटं बधिर होतात ती त्यामुळे.

नरम टायर हळू असतो हा समज तसा सव्वाशे वर्षांपूर्वीच मोडीत निघायला हवा होता. डनलॉपने हवेचा टायर १८८८ मध्ये आणला तो मुलाची तीनचाकी कमी हादरावी म्हणून. दुसऱ्याच वर्षी बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा स्वार तो लावून उतरला आणि भरीव रबराच्या बारीक टायरवाल्यांना मागे टाकून जिंकला. जाडजूड, मऊ टायर जिंकला.

खड्ड्यांचं वेगळं सांगायला नको. बारीक टायर खड्ड्याच्या काठावर आपटला की ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रात्रीच्या वेळी मुंबई–गोवा महामार्गावर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, चालवणाऱ्यांना हे पंक्चर चांगलं माहीत आहे. ६०० किलोमीटरला चाळीस तास मिळतात. त्यातला प्रत्येक अर्धा तास दिव्याच्या उजेडात ट्यूब बदलण्यात गेला तर झोपेतून वजा होतो. आणि टायरच फाटला तर? कणकवलीसारख्या गावात सायकलच्या दुकानात काळ्या सायकलीचा २८ इंची टायर मिळेल, पण तो आपल्या रिमवर बसत नाही. त्याचा कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर, रोड बाईकच्या रिमचा ६२२. नशीब असेल तर हायब्रिड सायकलचा ७०० × ३५ मिळतो. तो रिमवर बसतो. मग प्रश्न एकच उरतो, तो फ्रेममध्ये फिरतो की नाही. जिच्यात २८ च्या वर जागा नाही ती सायकल तिथून जीपच्या टपावरूनच घरी येते.

आता समोरची बाजू. “काका, मडगार्ड लावलं की सायकल म्हातारी दिसते.” याला मी किंमत देतो. आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेली वस्तू डोळ्यांना भावली पाहिजे. पण देखणेपणाची ही कल्पना आली कुठून? फ्रान्समध्ये १९३० आणि ४० च्या दशकांत हाताने सायकली बनवणाऱ्यांच्या चाचणी-स्पर्धा होत. डोंगरातल्या वाईट रस्त्यांवरून सायकली पळवायच्या आणि मोडतोड झाली की गुण कापायचे. रेने एर्स, अलेक्स सिंगर यांच्यासारखे पॅरिसच्या कडेला लव्हाल्वा-पेरे इथले कारागीर त्यातून नावारूपाला आले. त्यांच्या सायकलींना ॲल्युमिनियमची मडगार्ड, दिवे, पुढचा कॅरियर आणि रुंद टायर असायचे, आणि हे सगळं धरून स्पर्धेतल्या काही सायकलींचं वजन आठ किलोंच्या आसपास असे. आज जागतिक संघटनेच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही, म्हणजे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी काय साधलं होतं याचा अंदाज येईल. जगभरचे संग्राहक त्या सायकलींना आजही सौंदर्याचा नमुना मानतात. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट पुढून मागे एकसारखी गोल राखली, पट्ट्या नीट समांतर आल्या, की ती सायकल डोळ्यांत भरते. वेडीवाकडी, खडखडणारी मडगार्ड वाईट दिसतात हे मान्य. पण ती नंतर कशीबशी बसवलेली असतात म्हणून तशी दिसतात.

वजनाचा हिशोब मी पोरांपुढे कागदावर मांडतो. पट्ट्यांसकट मडगार्डची जोडी साधारण अर्धा किलो भरते. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. घाट चढताना लागणारा वेळ जवळपास एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वैभववाडीहून करूळ घाट चढायला तासभर लागत असेल तर मडगार्डमुळे वीस-बावीस सेकंद जास्त. आणि हे लावलेल्या मडगार्डचं झालं. नुसत्या आट्यांच्या भोकांचं वजन काही ग्रॅम.

चेनस्टे लांब केल्याने सायकल सुस्त होते, असंही म्हणतात. शर्यतीच्या सायकलीत ते ४०५ ते ४१० मिलिमीटर असतात, मडगार्डच्या जागेसाठी ४२५ ते ४३० करावे लागतात. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक. उभं राहून जोरात पायडल मारणाऱ्या तरबेज स्वाराला तो कळेलही. बाकीच्यांना उतारावर सायकल जास्त स्थिर वाटेल. गगनबावड्याहून खाली येताना मला तरी तेच हवं असतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. फट कमी असलेलं मडगार्ड धोक्याचं असतं. आपली काळी माती चिकट. टायर आणि मडगार्ड यांच्यात पाच-सहा मिलिमीटरचंच अंतर असेल तर शंभर मीटरच्या चिखलात चाक जाम होतं. पुढच्या चाकात काटकी अडकून मडगार्ड दुमडलं तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून पुढच्या पट्ट्यांना ओढ बसली की निसटणारे क्लिप असावेत आणि टायरच्या वर बोटभर मोकळी जागा असावी. पण याचा अर्थ मडगार्ड नको असा होत नाही. याचा अर्थ जागा जास्त हवी, असा होतो.

बुटक्या स्वारांची, त्यात बऱ्याच बायकांची, आणखी एक अडचण असते. लहान फ्रेममध्ये पुढचं चाक वळवताना बुटाच्या टोकाला लागतं, मडगार्ड लावल्यावर तर लागतंच. तयार मिळणाऱ्या बहुतेक सायकलींत याला इलाज नाही. मापाच्या सायकलीत आहे. कारागीर चिमट्याचा, म्हणजे फोर्कचा, कल बदलून पुढचं चाक थोडं लांब नेऊ शकतो, किंवा ५८४ मिलिमीटरची लहान चाकं सुचवू शकतो. मापाची सायकल घेण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

मुंबई–पुणे शर्यतीत घाटांचा राजा व्हायचं असेल त्याने खुशाल शर्यतीची सायकल घ्यावी. त्याच्यामागे गाडी असते, चाकं असतात, मेकॅनिक असतो, आणि तीन-चार हंगामांनी तो सायकल बदलतो. पण त्याच्यासाठी कंपन्या उत्तम तयार सायकली विकतात. कारागिराकडून वर्षभर वाट बघून बनवून घ्यायची ती आपल्या रस्त्यांची, आपल्या ऋतूंची आणि आपल्या वयाची सायकल.

तेव्हा ऑर्डरचा कागद भरणाऱ्यांना माझी विनंती. टायरपुढे ‘मडगार्डसह ३२, मडगार्डशिवाय ३८’ असं लिहा. त्याच जागेत पावसाळ्यात मडगार्ड बसतील आणि उन्हाळ्यात ती काढून कच्च्या रस्त्याचे टायर चढतील. डिस्क ब्रेक घेणार असाल तर जागेची अडचण ब्रेककडून येणार नाही. जुन्या पद्धतीचे ब्रेक हवे असतील तर शर्यतीचे ३९ ते ४९ मिलिमीटर पोहोचीचे घेऊ नका, एवढा टायर आणि मडगार्ड ज्यांत बसेल असे लांब पोहोचीचे मागा. चिमट्यावर आणि मागे, दोन्हीकडे पाच मिलिमीटरची आट्यांची भोकं मागा, आणि मागच्या चाकापाशी असलेल्या वरच्या व खालच्या छोट्या आडव्या नळ्यांवरही एकेक. चिमटा कार्बनचा घेत असाल तर त्याला ही भोकं मुळात आहेत का ते आधी बघा, कारण त्याला नंतर काहीच जोडता येत नाही. आणि फ्रेम रंगाला जायच्या आधी तिच्यात चाक, सर्वांत रुंद टायर आणि मडगार्ड एकदा प्रत्यक्ष बसवून फिरवून दाखवायला सांगा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.